ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या फायली घरबसल्या, फुकटात : बेळगावातून वापरून बघितलं, कसं वाटलं ते सांगते

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते जाऊ शकतील. ऑस्ट्रेलियाचं नॅशनल आर्काइव्हज, कॅनबेराचं वॉर मेमोरियल आणि त्यांच्या नॅशनल लायब्ररीचं ट्रोव्ह, तिन्ही मिळून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईल, खरं त्यात त्यांचा दोष काही नाही.

आता एवढ्या लांबच्या सैनिकांशी माझा काय संबंध ते सांगते. मी बँकेतनं रिटायर झालेली, टिळकवाडीत असते, लेक-जावई मेलबर्नला आणि नातू पाचवीत. तिकडं एप्रिलात अ‍ॅन्झॅक डे असतो. २५ एप्रिल १९१५ ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पोरं तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली, त्याची आठवण. भल्या पहाटे अंधारात लोक गावच्या स्मारकापाशी जाऊन उभी राहतात, लहान लहान पोरं सुद्धा. तर शाळेनं प्रोजेक्ट दिलं की स्मारकावरचं एक नाव निवडा आणि तो माणूस कोण होता शोधून काढा. लेक-जावयाला वेळ कुठला. नातू व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आज्जी तू बँकेत होतीस नं, तुला जुने फॉर्म वाचता येतात. झालं, आज्जी कामाला लागली. आमच्याकडं दुपारचे तीन म्हणजे त्याच्याकडं साडेसात, त्याचं जेवण होईपर्यंत मी दोन पानं वाचून ठेवायची असं ठरलं.

सगळ्यात आधी नॅशनल आर्काइव्हजचं रेकॉर्डसर्च. पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या फौजेतल्या सुमारे ३,७६,००० जणांच्या फायली तिथं आहेत, सिरीज नंबर बी २४५५, आणि अख्ख्याच्या अख्ख्या स्कॅन करून ठेवल्यात. लॉगिन नको, फी नको, ओळखीचा साहेब नको. नाव टाकलं की यादी येते आणि यादीतच आडनाव, नाव, सर्व्हिस नंबर, जन्मगाव आणि जवळचा नातेवाईक कोण, एवढं सगळं एका ओळीत. म्हणजे एकाच नावाचे दहा जण असले तरी आईच्या नाहीतर बापाच्या नावावरनं आपला कुठला ते कळतं. बँकेत जुनी खाती शोधताना हे एवढं जरी हाताशी असतं नं तर माझी निम्मी नोकरी सुखात गेली असती. दुसऱ्या महायुद्धाच्या फायलीही बऱ्याच उघडता येतात, ते खातं त्याहून मोठं, कारण त्या लढाईत जवळजवळ दहा लाख ऑस्ट्रेलियन वर्दीत होते.

नातवाचा गडी व्हिक्टोरियातला शेतमजूर. नाव इथं टाकत नाही, शाळेचं काम आहे. फाइल ४० च्या वर पानांची निघाली. पहिलं पान भरतीचं, त्यावर वय, उंची फूट-इंचात, छाती फुगवून किती न फुगवता किती, डोळे कुठल्या रंगाचे, केस कसले, धर्म कुठला, आणि अंगावरच्या खुणा. डाव्या हातावर गोंदण, नांगर. म्हणजे बोटीचा नांगर ओ, शेतातला नव्हे, मी आधी शेतातलाच समजले, शेतमजूर म्हणून. वय २१ च्या आत असेल तर आईबापाची लेखी परवानगी लागायची, तीसुद्धा चिठ्ठी फाइलीत आहे, आईच्या अक्षरात. त्या अक्षरावरनं कळतं की बाईला लिहायची सवय नव्हती, प्रत्येक ओळ खाली खाली घसरलेली.

आणि पगार. ऑस्ट्रेलियन साध्या शिपायाला दिवसाला ६ शिलिंग, त्यातला एक मागं ठेवलेला, नोकरी संपल्यावर मिळणारा. त्यातनं घरी किती पाठवायचे तेही लिहून घ्यायचे. माझं डोकं लगेच तिकडं गेलं. त्यावेळी पौंडाला १५ रुपये, पौंडात २० शिलिंग, म्हणजे ६ शिलिंग झाले साडेचार रुपये. दिवसाचे. आणि आमच्या पलटणीतल्या शिपायाला महिन्याला ११ रुपये. त्याची अडीच दिवसांची मजुरी म्हणजे आमच्या माणसाचा महिना. हे मी नातवाला सांगितलं नाही, त्याच्या प्रोजेक्टात ते बसत नव्हतं.

वाचायला जड काय जातं तर शॉर्टफॉर्म. पानभर शिक्के आणि त्यात तीन-तीन अक्षरं. केआयए म्हणजे लढाईत ठार, जीएसडब्ल्यू म्हणजे गोळी लागली, एनवायडी म्हणजे अजून रोगाचं निदान झालेलं नाही, टीओएस म्हणजे पटावर घेतला, एडब्ल्यूएल म्हणजे न सांगता गैरहजर. आमचा गडी इजिप्तमध्ये असताना दोनदा गैरहजर, दोनदा पगार कापला. नातू भलता खूश झाला, त्याला वाटत होतं सगळे हिरो असतात. मग एका ठिकाणी व्हीडी, म्हणजे गुप्तरोग, आलं आणि पुढं हॉस्पिटलात एवढे एवढे दिवस. आज्जी व्हीडी म्हणजे काय? म्हटलं कैरोचं पाणी लागलं असेल. लेक मागनं हसायलीय, मला आवाज आला. ज्यांना पोरांसोबत बसून बघायचंय त्यांनी फाइल आधी एकटं बसून वाचावी हे मनापासून सांगते.

गडी मेला कुठं, तर फ्रोमेलला, उत्तर फ्रान्समध्ये, १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सुरू झालेल्या हल्ल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एका डिव्हिजनचे ५,५३३ ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले, पकडले गेले नाहीतर बेपत्ता. त्यांच्या ६० व्या बटालियनचे एकट्याचे ७५७. बेळगावात पलटणीचं सेंटर रोज डोळ्यासमोर असल्यामुळं बटालियन म्हणजे किती माणसं ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. फाइलीत मात्र नुसतं बेपत्ता, मग वर्षभर काही नाही, मग खोडून ठार. मधल्या वर्षात आईची पत्रं. एकात ती विचारते की पेपरात बेपत्ता आलंय ते खरं काय, दुसऱ्यात म्हणते अमक्याच्या मुलानं कळवलंय की तो कैदेत आहे, तिसऱ्यात फक्त सामान कधी येईल. आणि प्रत्येक पत्राला मेलबर्नच्या ऑफिसनं दिलेलं टाइप केलेलं उत्तर, कार्बन कॉपीसकट. सामानाची यादी तर बघवत नाही. पाकीट एक, फोटो काही, पाइप एक, पत्रं, एक नाणं. आणि खाली आईची सही, पोचलं म्हणून.

इथं वॉर मेमोरियलची साइट लागते. ती उघडी ठेवूनच आर्काइव्हजची फाइल वाचा, एकाचं कोडं दुसऱ्यात सुटतं. तिकडं रेड क्रॉसच्या फायली आहेत, जखमी आणि बेपत्ता लोकांच्या चौकशीच्या, ३२,००० च्या आसपास. हे ऑफिस चालवायची व्हेरा डिकिन नावाची तरुण बाई, त्यांच्या माजी पंतप्रधानाची मुलगी, १९१५ ला कैरोत सुरू केलं आणि पुढच्या वर्षी लंडनला हलवलं. तिची माणसं हॉस्पिटला-हॉस्पिटलांत जाऊन खाटेवरच्या सैनिकांना विचारायची, तुझ्या कंपनीतला अमका शेवटचा कुठं बघितलास? आमच्या गड्याबद्दल चौघांनी सांगितलंय आणि चौघांचं वेगळं. एक म्हणतो तारेवर अडकला, दुसरा म्हणतो जर्मन खंदकापर्यंत पोचला आणि आत गेला, तिसरा म्हणतो उंच होता, चौथा म्हणतो बुटका. नातू म्हणाला आज्जी खरं कोण बोलतंय? म्हटलं उंची आपल्याला फाइलीत आहे नं, त्यावरनं ठरव. त्यानं ठरवलं, आणि चौथ्याला बाद केलं. हे काम पाचवीतलं पोरगं करू शकतं ही त्या दप्तराची कमाल आहे, दुसरं काय.

फाइलीत शेवटी एक कागद आहे की जर्मनांनी पाठवलेल्या १९१६ च्या नोव्हेंबरमधल्या मेलेल्यांच्या यादीत याचं नाव आहे. म्हणजे त्यांनी याला पुरलंय. खरं कुठं? हीच गोष्ट मेलबर्नच्या एका मास्तराच्या डोक्यात बसली, लॅम्बिस एंगलेझोस त्यांचं नाव. ते ना लष्करातले, ना प्रोफेसर. कबरींचा आकडा आणि बेपत्तांचा आकडा जुळत नाही म्हणून वर्षानुवर्षं मागं लागले की फेझंट वूड नावाच्या झाडीजवळ सामूहिक खड्डे आहेत. शेवटी २००९ मध्ये उकरलं तर २५० सांगाडे मिळाले, २०१० ला नवीन दफनभूमी झाली आणि नातेवाइकांच्या डीएनएवरनं एकेकाला नाव मिळत गेलं. हिशोब जुळत नाही म्हणून झोप न येणारा माणूस मला लगेच आवडतो, आमच्या कॅश काउंटरला असे दोन होते. आमच्या गड्याचं नाव मात्र अजून व्हीसी कॉर्नरच्या भिंतीवर आहे. ती अख्खी ऑस्ट्रेलियनांची दफनभूमी, ४१० जण पुरलेले आणि एकाचीही ओळख पटलेली नाही, म्हणून वेगवेगळे दगड लावलेच नाहीत.

ट्रोव्हबद्दल थोडक्यात. जुने पेपर आहेत, फुकट. मशीननं वाचलेला मजकूर चुकीचा असतो, तो वाचणाऱ्यांनीच दुरुस्त करत जायचा अशी पद्धत आहे, मी पण सतरा-अठरा ओळी केल्या, सवय लागते. तिथं आमच्या गड्याच्या गावातल्या निरोप समारंभाची बातमी मिळाली, त्याला मनगटी घड्याळ दिलेलं. सामानाच्या यादीत घड्याळ नाही. नातवानं ते स्वतः पकडलं.

एक अनुभवाची सूचना, नाव सरळ मिळत नसेल तर हार मानू नका. बरेच जण खोटं नाव, खोटं वय देऊन भरती व्हायचे. त्यांचा तो प्रसिद्ध गाढववाला, जो गॅलिपोलीत जखमींना गाढवावर घालून खाली आणायचा, त्याचं खरं आडनाव किर्कपॅट्रिक. फाइल मात्र जॉन सिम्पसन, नंबर २०२, अशी आहे. हा माणूस आपल्याला जवळचा आहे बरं का. तो राहायचा, जेवायचा हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या खेचरवाल्यांबरोबर, आणि ती मंडळी त्याला बहादूर म्हणायची. १९ मे १९१५ ला गेला, उतरून महिनासुद्धा नीट झाला नव्हता. आणि खुद्द ऑस्ट्रेलियन फौजेत सुद्धा थोडे हिंदुस्थानी होते. सिमल्याचा नैनसिंग सैलानी त्यातला एक, १९१७ ला बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. त्याचीही फाइल आहे, इतर सगळ्यांसारखीच. वॉर मेमोरियलच्या ब्राँझच्या पाट्यांवर १ लाखाच्या वर नावं आहेत आणि कुणाच्याही नावापुढं हुद्दा नाही, जनरल असो नाहीतर स्वयंपाकी. ते मला फार पटलं.

पैसे घेणाऱ्या साइटबद्दलही लिहिते, नाव घेत नाही. सात दिवस फुकट म्हणून कार्डाचा नंबर घेतला, आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले, आणि आत काय तर हेच कागद जे तिकडं फुकट आहेत. रिफंडसाठी तेरा मेल. बँकेत ३० वर्षं लोकांना सांगितलं कार्डाचा नंबर देऊ नका आणि स्वतः दिला. असू दे.

आता अर्ध्या स्टारची गोष्ट.

आमचं माहेर खानापूर तालुक्यात. आमच्या आज्जाचे थोरले भाऊ पलटणीत होते आणि पहिल्या लढाईत बसऱ्याकडं गेले ते आले नाहीत. घरात एवढंच माहीत, बसऱ्याला गेला. वॉर मेमोरियलवर मी सहज मेसोपोटेमिया शोधलं, म्हणजे आताचा इराक, बसरा तिकडंच, आणि एक भलतंच हाती लागलं. हिंदुस्थान सरकारनं ऑस्ट्रेलियाकडं विमानं चालवणारी माणसं मागितली, १९१५ ला त्यांची एक छोटी तुकडी मुंबईमार्गे बसऱ्याला पोचली, हाफ फ्लाइट म्हणतात तिला. त्यांचा जॉर्ज मर्झ नावाचा डॉक्टर-वैमानिक त्याच जुलैत तिथं मेला. पुढं तिकडच्याच कूत गावाला तुर्कांचा वेढा पडला, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत अडकली ती सहावी डिव्हिजन, पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी. खायला संपलं, घोडे कापले, आणि आपली माणसं घोड्याचं मांस खाईनात म्हणून अजून हाल. शेवटी सुमारे १३,००० जण शरण गेले आणि तिथनं वाळवंटातनं चालत नेले. त्यातच हाफ फ्लाइटचे नऊ मेकॅनिक होते. नवातले दोघं जगले. त्या नऊजणांचे कागद कॅनबेराला आहेत. कोण कधी आजारी पडला, घरी काय कळवलं, सगळं शोधून बसवलेलं. आणि त्याच वेढ्यात, त्याच भुकेत, तसलंच पाणी पिऊन जे मराठे होते त्यांचं काय? मी रात्री अकरापर्यंत बसले, मग करंट गेला म्हणून झोपले.

दुसऱ्या दिवसापासनं आमच्या माणसाच्या मागं लागले. पंजाबवाल्यांचं झालंय, लाहोरच्या म्युझियममध्ये रजिस्टरं होती, सुमारे ३,२०,००० सैनिकांची, ती २०२१ मध्ये इंटरनेटवर आली. आपल्याकडचं तसलं काही माझ्या हाती लागलं नाही. एका ऑफिसात जाऊन आले, नाव घेत नाही, तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि शंभर वर्षांपूर्वीचं कशाला ओ बाई, असं विचारलं. शेजारच्या गावात चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातनं महायुद्धाला इतके लोक गेले आणि त्यातले इतके मेले, असं इंग्लिशमध्ये कोरलेलं, तशा पाट्या बऱ्याच गावांतनं बसवलेल्या. नावं नाहीतच, नुसता आकडा. आणि आकडा ऑइल पेंटखाली गेलाय. दर निवडणुकीला चावडी रंगवतात.

राहिलं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. १९१७ ला झालेली संस्था, १७ लाखांच्या आसपास नावं सांभाळते, साइट फुकट. तिथं बसरा मेमोरियल टाकलं, पुढं पलटणीचा नंबर टाकला, आणि आमच्या माणसाच्या नावाचे चौघं आले. स्पेलिंग कसली तर काय सांगू, पाटीलचं सतरा प्रकारे, गावाचं नाव तर गोऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. दोघांच्या पुढं बेळगाव. आता यातला आमचा कुठला? नंबर पाहिजे. नंबर कुठं असणार, तर मेडलच्या कडेवर.

मेडल आत्याकडं. आत्या ८० च्या पुढं, गावात एकटीच असते. मी म्हटलं आत्या ते आज्जाच्या भावाचं मेडल हाय काय गं? म्हणाली कसलं मेडल, तसलं काय न्हाई बघ. मग तासाभरानं चहा करता करता म्हणाली, ते चांदीचं म्हणतीस काय, ते देवात हाय की. देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीत, खंडोबा म्हणून. मी खाली बसून बघितलं तर खरंच, एका बाजूला राजाचं डोकं, पाचवा जॉर्ज, ते भिंतीकडं. पुढं केलेली बाजू घोडेस्वाराची. त्या ब्रिटिश वॉर मेडलवर घोड्यावर बसलेला माणूस असतो, घोड्याच्या पायाखाली शत्रूची ढाल, खाली कवटी. आता घोड्यावरचा देव म्हणजे आपल्याकडं दुसरा कोण? आमच्या पणजीनं घरात आणला, त्याच्यावर १०० वर्षं हळद पडली. त्या स्वाराच्या अंगावर कपडा नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढी हळद.

उचलू देईना. देव हाय, ववळल्याबिगर हलवायचा न्हाई. मग ओवाळलं, नारळ फोडला, आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून कड वाचली. दर दसऱ्याला चिंच आणि रांगोळीनं घासून घासून अक्षरं गेलेली. पहिले तीन आकडे आणि पुढं ११७ मराठाज एवढं दिसलं. चौघांतल्या एकाचाच नंबर त्या तीन आकड्यांनी सुरू होत होता. बापाचं नाव जुळलं. गावाचं नाव, अर्धं चुकलेलं, खरं वाचता येण्यासारखं. पुढं खानापूर, बेळगाव.

म्हणजे मिळाला. एक ओळ. नंबर, शिपाई, नाव, बापाचं नाव, गाव, तारीख. तिकडच्या शेतमजुराला ४० पानं आणि गोंदण, इकडं एक ओळ. आणि ती ओळ तरी आहे म्हणून नशीब, कारण खुद्द बसऱ्याच्या भिंतीवर, १९२९ ला उघडलेल्या, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची तेवढी नावं कोरली, शिपाई-हवालदारांचे नुसते आकडे. असा भेदभाव झाला हे कमिशननं स्वतःच २०२१ च्या रिपोर्टात कबूल केलंय, माफी पण मागितलीय. कबूल केलं हे चांगलंच, त्यासाठी त्यांना वेगळे चार स्टार देते.

मी ती ओळ मोठ्या अक्षरात झेरॉक्सवाल्याकडनं काढून आत्याला नेऊन दिली. मराठीतनं वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, उंची किती हुती ते न्हाई काय लिवलंय? आमच्या जुन्या घराच्या सोप्याला बुटकं दार होतं, तो भाऊ जाता-येता कपाळ आपटायचा, पणजी त्याला रोज ओरडायची, एवढीच त्याची एक आठवण घरात सांगत आलेत. न्हाई आत्या, लिवलेलं न्हाई. मग ते तिकडच्याची कशी हाय म्हणतीस?

तर तो अर्धा स्टार इथं गेला. तिकडचं दप्तर वापरलं की आपल्या माणसाची छाती किती इंच होती हे कुणीतरी लिहून ठेवलं असेल असं वाटायला लागतं, आणि मग ऑफिसा-ऑफिसांतनं फिरून चप्पल झिजते.

प्रोजेक्ट छान झालं. नातवानं शेवटी एक जादा पान लावलं, त्याच्या आज्जीच्या आज्जाच्या भावाचं, आणि खंडोबाचा फोटो. टीचरनं विचारलं हा मेडल पिवळा का? २५ एप्रिलला शाळेत अ‍ॅन्झॅक बिस्किटं न्यायची असतात, ओट्स आणि खोबऱ्याची, त्यात गोल्डन सिरप पडतं. मी इथं काकवी घालून करून बघितली, त्यांच्यापेक्षा भारी झाली. ज्यांना करायचीत त्यांनी काकवी थोडी कमी घाला, नाहीतर तळाला लागतात.

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी अजून. आधी वॉर मेमोरियलच्या रोल ऑफ ऑनरमधनं सर्व्हिस नंबर काढा आणि मगच आर्काइव्हजला जा, वेळ वाचतो. जो जिवंत परत आला तो रोल ऑफ ऑनरमध्ये नसतो, त्याच्यासाठी बोटीवर चढलेल्यांच्या याद्या बघा. मोबाइलवर नको, अक्षर बारीक आहे, कॉम्प्युटर घ्या. आणि दर संध्याकाळी मेमोरियलमध्ये एका सैनिकाची गोष्ट वाचून बिगुल वाजवतात, २०१३ पासनं रोज, ते घरनं बघता येतं. आपल्याकडं तेव्हा दुपार असते, मी भांडी घासून होईस्तोवर लावून ठेवते.

पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला पुण्याला चाललेय. खडकीला वॉर सिमेट्रीत पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० च्या वर लोकांचं, ज्यांच्या कबरी आता सांभाळता येत नाहीत असे. त्यात एक ऑस्ट्रेलियन नर्स आहे, सिस्टर एमी व्हेडा ओ'ग्रेडी, १९१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कॉलऱ्यानं गेलेली. अशा ५०० च्या वर नर्सा त्यांनी आपल्याकडं पाठवलेल्या. नातवाला तिच्या नावाचा फोटो पाहिजे. गेट किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि आत फोटो काढू देतात काय, कुणी गेला असाल तर सांगा, लग्न रविवारचं आहे आणि माझ्याकडं फक्त शनिवारची दुपार आहे.